गळक्या झडपेची डागडुजी : एका कसबाचा जमाखर्च

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बबीना हे गाव रणगाड्यांच्या सरावासाठी प्रसिद्ध आहे. हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियेचा विचार तेथून आरंभावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. तथापि कलेची परीक्षा ती जेथे उत्तम साधते तेथे करावी, की तिची निकड जेथे सर्वाधिक आहे तेथे करावी, असा प्रश्न उपस्थित झाला, तर प्रस्तुत लेखकाचा कौल दुसऱ्या पक्षास आहे. छावणीतील जवानाच्या हृदयात दोष आढळल्यास लष्करी वैद्यकखात्याच्या शिफारशीने त्याची रवानगी पुण्याच्या लष्करी हृदय-वक्ष संस्थेपर्यंत होऊ शकते. फाटकाबाहेरच्या शेतमजुराच्या मुलीस मात्र प्रथम झाशीचे मेडिकल कॉलेज आणि पुढे दिल्ली अथवा लखनौ, अशी वाट बुडालेल्या मजुरीचा भार सोसत चालावी लागते.

तिचा विकार बहुधा बालपणीचा असतो. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, काही आठवड्यांनी सांधे सुजून संधिवाताचा ज्वर येतो, आणि ज्वर उतरून सांधे मोकळे झाले तरी हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप मात्र त्या दुखण्याचा व्रण आयुष्यभर वागवते. दोन पडदे, त्यांना खालून ताणून धरणारे तंतू, तंतूंना आधार देणारे स्नायू आणि सभोवतालचे कडे, अशी ही रचना दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. पडदे आक्रसले वा तंतू आखूड झाले की झडप पुरती मिटत नाही, प्रत्येक ठोक्याला काही रक्त फुप्फुसांच्या दिशेने मागे फिरते, आणि हृदय हा दुहेरी बोजा वाहता वाहता फुगून थकते.

या झडपेवरील पहिले यश गळती थांबविण्याचे नव्हे, तर अरुंदपणा दूर करण्याचे होते. लंडनच्या सुटर यांनी 1925 साली धडधडत्या हृदयात बोट घालून अडलेली झडप मोकळी केली. 1948 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेली यांनी तोच मार्ग पुन्हा प्रशस्त केला. आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हाताखाली हे कसब आपल्याकडे रुजले. सेन यांचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले ते फेब्रुवारी 1968 मधील हृदय-प्रत्यारोपणामुळे, ज्याचा रुग्ण काही तासांतच दगावला. झडपा मोकळ्या करून ज्यांना घरी धाडले, त्यांची बातमी झाली नाही. कीर्तीचा हिशेब असाच असतो.

गळती मात्र बोटाने थांबत नाही. तिच्यासाठी हृदय रिते व निश्चल हवे. गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राने 1953 मध्ये ती सोय झाली, आणि 1957 मध्ये लिलेहाय यांनी डोळ्यांनी पाहून सैल कडे आवळले. परंतु 1960 पासून स्टार व एडवर्ड्स यांची कृत्रिम झडप हाती आली, आणि दुरुस्तीच्या कष्टांपेक्षा बदलणे सुलभ, असा ग्रह प्रबळ झाला. त्या ग्रहाला सुरुंग लावला पॅरिसच्या आलाँ कार्पांतिए यांनी. पडद्यांची हालचाल प्राकृत आहे, अतिरिक्त आहे की बद्ध आहे, असे गळतीचे तीन वर्ग त्यांनी पाडले, ढिल्या पडद्याचा अंश कापून उरलेल्या कडा सांधल्या, आणि कड्यास मूळ आकार देणारी वळी शिवली. दुरुस्तीत तंतू व स्नायू शाबूत राहत असल्याने हृदयाचे आकुंचनबळही टिकते.

येथेच समीक्षकाने सावध व्हावयास हवे. पाश्चात्त्य देशांत जी कीर्ती झाली ती मुख्यत्वे दुसऱ्या वर्गाची, म्हणजे वयोमानाने ढिल्या झालेल्या झडपांची. बबीनाची मुलगी बहुतांशी तिसऱ्या वर्गात मोडते. जाड झालेला पडदा तासून पातळ करणे, जुळलेले तंतू विलग करणे, हृदयावरणाच्या ठिगळाने उणीव भरणे, हे सारे शक्य आहे, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. संपतकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो संधिवाती झडपांवर ते करून दाखविले. परंतु दुखणे पुन्हा उलटू शकते, आणि काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते. हा धोका दडवून केलेली स्तुती ही स्तुती नव्हे, जाहिरात होय.

मग बदलणेच बरे काय? धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून आजन्म वॉर्फरिनसारखे औषध घ्यावे लागते, त्याची मात्रा वारंवार रक्त तपासून ठरवावी लागते, आणि गरोदरपणी तेच औषध गर्भास अपाय करू शकते. प्राण्यांच्या ऊतींची झडप या जाचातून सोडवते, पण तरुण देहात ती लवकर जीर्ण होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडविलेली आणि डिसेंबर 1990 मध्ये प्रथम बसविलेली स्वदेशी झडप किमतीच्या दृष्टीने मोठेच उपकार करून गेली. औषधाची अट मात्र तिलाही चुकली नाही. मिलानच्या अल्फिएरी यांच्या एका टाक्याच्या कल्पनेवर उभारलेली, मांडीच्या शिरेतून नेऊन पडद्यांना चिमटा लावण्याची नवी पद्धत छाती न उघडता गळती कमी करते खरी, पण आखडलेल्या, जाड पडद्यांच्या संधिवाती झडपेला ती सहसा मानवत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सोयीचा नाही. रक्ततपासणीची प्रयोगशाळा जितकी दूर, तितकी दुरुस्तीची गरज अधिक. आणि दुरुस्तीत मुरलेले हात मात्र मोजक्या मोठ्या शहरांत एकवटलेले. शिवाय रुग्णालयांचे दफ्तर बहुधा घरी पाठविण्याच्या दिवशी मिटते, आणि दहा वर्षांनी ती झडप कशी आहे, या एकाच प्रश्नाला, ज्यावर या कलेचा निवाडा व्हावा, उत्तर देण्याची तजवीज फार थोड्या ठिकाणी असते. तेव्हा शस्त्रक्रियेच्या शागिर्दांना बद्ध झडपांवरील हे अवघड कसब शिकविले जावे, आणि प्रत्येक संस्थेने आपले दीर्घकालीन अपयशही छापावे, एवढी मागणी रास्त ठरेल.

शेवटी, या साऱ्या कौशल्याआधीचा एक उपाय स्वस्त आणि जुना आहे. सांध्यांच्या ज्वरातून उठलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे न चुकता मिळाले, तर झडपेवर पुन्हा घाव पडण्याचा संभव पुष्कळच घटतो. त्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. लागते ती गावच्या आरोग्यकेंद्रात औषधाची कुपी आणि तारीख लिहून ठेवणारी वही.