निळे पाणी आणि पाठीमागचा ऊस

मॉरिशसविषयीचे मराठी प्रवासलेख एकापाठोपाठ एक वाचले, की त्यांत एक ठरावीक दिवस पुन्हा पुन्हा भेटतो. आभाळ निरभ्र, पाणी नितळ, किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि वाळूत निवांत पहुडलेला लेखक. पुढे शामारेलची सात रंगांची माती येते, गंगातलाव येतो, ‘छोटा भारत’ हे विशेषण येते आणि लेख संपतो. उसाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : गाडीच्या खिडकीतून दिसलेली हिरवीगार शेते. मी पाटसचा. आमच्याकडे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन दाखल होतात. त्यामुळे त्या एका वाक्यापाशी मी अडतो. बेटावरचा हा निरभ्र दिवस साहित्यात कसा घडला आणि घडताना त्यातून काय गळाले, एवढेच इथे तपासायचे आहे.

या चित्राचे मूळ फ्रेंच आहे. बेर्नार्दँ द सँ-पिएर 1768 ते 1770 या काळात अभियंता म्हणून या बेटावर होता. त्याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी 1788 मध्ये आली आणि उष्ण कटिबंधातले निष्पाप बेट युरोपच्या मनात ठसले. पण ती नीट वाचली, तर त्या नंदनवनात दोमँग आणि मारी हे दोन गुलाम राबताना दिसतात. पळून आलेल्या एका गुलाम स्त्रीला ही कोवळी मुले माफी मिळवून देण्यासाठी मालकाकडे परत नेतात, आणि मालक तिला शिक्षा करतोच. शेवटी व्हर्जिनीला घेऊन येणारे जहाज किनाऱ्यासमोर फुटते. त्यामागे 1744 मध्ये सँ-जेराँ या जहाजाला झालेला खरा अपघात आहे. ते ज्या प्रवाळाच्या कड्यावर आदळले, तसलेच कडे बाहेरच्या लाटा अडवतात आणि म्हणून आतले पाणी शांत राहते. पर्यटकाला पोहायला मिळते ते त्या कड्यामुळेच. कादंबरीत या दोन्ही बाजू आहेत. तिच्या नावावर खपणाऱ्या चित्रात एकच उरली.

मार्क ट्वेनचेही असेच झाले. देवाने आधी मॉरिशस घडवले आणि त्याबरहुकूम स्वर्ग बेतला, हे वचन त्याच्या नावावर जाहिरातींत सर्रास छापले जाते. 1897 च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या पुस्तकात मात्र तो हे स्वतःचे मत म्हणून सांगत नाही. एका रहिवाशाच्या बोलण्यावरून असे वाटते, असे तो मिस्कीलपणे नोंदवतो आणि लगेच दुसऱ्या रहिवाशाला उभे करतो. हा दुसरा म्हणतो, ही अतिशयोक्ती आहे. पोर्ट लुईमध्ये कोणी खुशीने राहत नाही आणि क्युरपीपइतका पाऊस जगात कुठे पडत नसेल. जाहिरातीने पहिला माणूस ठेवला, दुसऱ्याला गाळले. निरभ्र दिवस असा कात्रीने तयार होतो.

या कात्रीला उत्तर मिळाले ते हिंदीतून. त्रिओले गावात 1937 साली जन्मलेल्या अभिमन्यू अनत यांची ‘लाल पसीना’ ही कादंबरी 1977 ची. तिच्यात बेट दिसते ते उसाच्या सरीतून. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना माणसे हवी होती; 1834 पासून गिरमिटावर हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख लोक उतरले. त्यांतले काही पुढे इतर वसाहतींत गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसे होती. कामावर एक दिवस गैरहजर राहिले, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. आमच्या फडात उचल घेऊन आलेला कोयता, म्हणजे तोडणी करणारे जोडपे, एक दिवस बसले, तर मुकादम ‘खाडा’ लावतो. गिरमीट आणि उचल या गोष्टी एक नव्हेत. पण सुटीच्या दिवसाची किंमत मजुराकडूनच वसूल करण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

यावर आक्षेप येईल, की मग माणसाने समुद्रकिनारी आनंदही घ्यायचा नाही का? जरूर घ्यावा. माझी तक्रार त्या आनंदाबद्दल नाही, तो पोकळ करून सांगण्याबद्दल आहे. आज रविवारी मॉरिशसच्या सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक कुटुंबे डबे घेऊन येतात आणि सुरूच्या सावलीत दिवसभर बसतात. त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज गिरमिटावर आले होते. त्यांच्या त्या बसण्यात जे आहे, ते चार रात्रींच्या सहलीवर आलेल्याला हॉटेलच्या वाळूत सापडणार नाही. लेखकाने वळून त्यांच्याकडे पाहिले असते, तर त्याचे निळे पाणीही अधिक खोल झाले असते. नितळ दिवस हवामान देते. तो उपभोगायला सुटी लागते, आणि सुटी कोणीतरी मिळवलेली असते.

गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. ज्या बेटावर एका खाड्याला दोन दिवसांचा पगार जाई, तिथे मराठी माणसे आज पगारी सुटीत गणपती पाण्यात पोहोचवायला निघतात. बेटावरच्या निरभ्र दिवसाचे मराठी वर्णन लिहायचे, तर मला वाटते, ते त्या मिरवणुकीबरोबर चालत लिहावे. पाटसच्या फडात कोयता चालवणाऱ्यांच्या हाती तसा दिवस अजून आलेला नाही, हेही ते लिहिताना आठवावे.