भंगलेल्या जगाचा लेखक

मेंदूविषयीं लिहिलेलीं पुस्तकें अलीकडे पुष्कळ निघतात आणि तीं आवडीनें वाचलींही जातात. त्यांतील अनेकांत मेंदूचीं रंगीत चित्रें असतात; अमुक ठिपका म्हणजे भीति, तमुक ठिपका म्हणजे प्रेम, असा निवाडाही त्यांच्याखालीं छापलेला असतो. अशा वेळीं अलेक्झांडर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाचें एक लहानसें पुस्तक मुद्दाम पुन्हा वाचावें. तें १९७१ सालीं मॉस्को येथें प्रसिद्ध झालें व दुसऱ्याच वर्षीं ‘द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड’ या नांवानें इंग्रजींत उतरलें.

त्याचा नायक झासेत्स्की हा यंत्रविद्येचा विद्यार्थी. १९४३ च्या मार्च महिन्यांत स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी त्याच्या कवटींत शिरली. मेंदूच्या डाव्या बाजूस, माथ्याखालचा खंड व मागचा खंड जेथें एकमेकांस भिडतात, तेथील भाग तिनें उद्ध्वस्त केला. दोन्ही डोळ्यांस उजवीकडील जग दिसेनासें झालें. अक्षरें अनोळखी झालीं, वस्तूंचीं नांवें हरपलीं, आपलें स्वतःचें उजवें अंगही मधून मधून नाहींसें झाल्यासारखें त्यास वाटूं लागलें.

या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग व्याकरणासंबंधीं आहे. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतील भेद झासेत्स्कीस कळत नसे. प्रत्येक शब्द त्यास सुटा समजे. दोहोंचें नातें मात्र समजत नसे. माशी हत्तीहून मोठी कीं हत्ती माशीहून मोठा, या प्रश्नावरही तो गोंधळून जाई. हत्ती त्यानें पाहिला नव्हता म्हणून नव्हे, तर वाक्यांत कोणाची तुलना कोणाशीं आहे हें त्यास धरतां येत नसे म्हणून. आपल्या भाषेंत पहिल्या दोन पदांतील भेद षष्ठीचा प्रत्यय कोणत्या शब्दास लागतो एवढ्यावरच ठरतो. रशियन भाषेंतही तो षष्ठीनेंच होतो. लूरियाचें म्हणणें असें कीं, खोलींतील डावें-उजवें ओळखणें आणि वाक्यांत कोण कोणाचा हें ओळखणें, हीं दोन्ही कामें मूळच्या एकाच शक्तीवर अवलंबून आहेत. मुलांना विभक्ति घोकावयास लावणाऱ्या आपणां सर्वांस हा विचार दचकविणारा आहे. ज्या ‘चा-ची-चें’ची आपण कधीं दखलही घेत नाहीं, त्याच्या पाठीशीं मेंदूचें केवढें कार्य उभें असतें!

असा मनुष्य लेखक झाला, हें नवल. एकेक अक्षर आठवून लिहिणें त्यास साधेना. परंतु हात न उचलतां शब्द एका ओघांत लिहावा असें त्यास सुचविलें गेलें आणि हाताची जुनी संवय उपयोगी पडली. लिहिलेलें वाचतांना मात्र तो अक्षराअक्षराशीं झगडत असे. तरीही सुमारें पंचवीस वर्षांत त्यानें तीन हजार पानें लिहिलीं. लूरिया याचें कारण सांगतो तें असें कीं, संकल्प व योजना यांस आधार देणारे कपाळामागील खंड अभंग राहिले होते. आपल्यांत काय उणें झालें आहे हें या मनुष्यास पुरतें कळत होतें. आणि हेंच त्याचें मोठेपण व हेंच त्याचें दुःख.

आजचा एखादा लोकप्रिय लेखक या चिकाटीस ‘डोपामीन’ हें नांव देऊन मोकळा झाला असता. परंतु मज्जापेशींत निरोप पोंचविणारें हें द्रव्य एका ठिकाणीं हालचालीचें नियमन करतें. तें तेथें कमी पडल्यास कंपवात होतो. दुसरीकडे तें लाभाच्या अपेक्षेशीं निगडित आहे, आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीवर तें दूध उत्पन्न करणाऱ्या स्रावास आवर घालतें. शब्दाचा अर्थ वाक्यांत ठरतो, तसा या द्रव्याचा अर्थ स्थानावरून ठरतो. सुट्या शब्दास सर्व वाक्याचा अर्थ चिकटविणें ही झासेत्स्कीची व्याधि होती; निरोगी लेखकांनीं ती हौसेनें पत्करूं नये.

योगायोग असा कीं, लूरियाचें पुस्तक निघालें त्याच १९७१ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत सी. टी. यंत्रानें प्रथमच जिवंत रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें गेलें. पुढें १९९० च्या सुमारास चुंबकीय चित्रणानें रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचें कार्यही अजमावतां येऊं लागलें. या साधनांचे उपकार थोर आहेत. गांठ कोठें आहे, रक्तस्राव कोठें झाला आहे, हें आज घटकाभरांत कळतें. परंतु कार्यदर्शक चित्रांतील रंग मेंदूंत नसतो. तो आंकडेशास्त्राच्या गणितानें भरलेला असतो. २००९ सालीं कांहीं अमेरिकन संशोधकांनीं एका मृत सामन माशास यंत्रांत ठेवून माणसांचीं चित्रें दाखविलीं. गणितांतील आवश्यक दुरुस्ती न केल्यास त्या मेलेल्या माशाच्या मेंदूंतही ‘हालचाल’ दिसते, हें त्यांनीं सिद्ध केलें. चित्रास दोष नाहीं. तें वाचणारा सावध हवा.

सावधपणा लूरियाच्या पुस्तकासही लावला पाहिजे. तीन हजार पानांतून त्यानें थोडेच उतारे निवडले, त्यांचा क्रम लावला आणि मधून मधून शरीरशास्त्राचे पाठ घातले. हे पाठ स्वच्छ आहेत, पण निवेदनाचा ओघ ते तोडतात. शिवाय झासेत्स्कीचा आवाज आपण लूरियाच्याच चाळणींतून ऐकतों. त्या पानांत पुनरुक्ति किती, निराशा किती, याचा अदमास वाचकास लागत नाहीं. वीररसाची एक सुबक रेघ जेथें तेथें उमटते, तेव्हां ती रोग्याची कीं वैद्याची, असा संशय येतो.

तथापि हें न्यून पत्करूनही या पुस्तकाची योग्यता कमी होत नाहीं. त्यांत रोगी बरा होत नाहीं. शेवटींही तो आपल्या हरवलेल्या जगाचे तुकडेच गोळा करीत असतो, आणि लूरिया त्यास खोटा सुखान्त चिकटवीत नाहीं. इजा कोठें झाली हें यंत्र सांगेल. ती कोणास झाली हें सांगण्यास त्या मनुष्याचेंच वाक्य लागतें, मग तें कितीही अडखळत लिहिलेलें असो. घरांत पक्षाघातानें वाचा गेलेलें कोणी वडील माणूस असेल, तर त्याच्या उशाशीं बसणारानें हें पुस्तक अवश्य वाचावें. समोरचें मौन रिकामें असतेंच असें नाहीं, हें त्यास उमजेल.