शीर्षकात मावेल एवढंच सांगा

दिवाळी ते होळी वडशात नाटकांचा हंगाम असतो. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालयं इथे आहेत आणि इथे ठरलेले प्रयोग आसपासच्या गावांत रात्रभर चालतात. ऑर्गन-तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅडही असतो. खलनायकाच्या प्रवेशाला तो कडाडला, तर त्या इलेक्ट्रॉनिक आवाजामागची संकल्पना कोणी विचारत नाही. आवाज कशासाठी आहे, ते समोर दिसतच असतं.

तोच प्रेक्षक घरी हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकतो, तेव्हा समोर काहीच नसतं. ना शब्द, ना नट, ना ओळखीचं वाद्य. ही रिकामी जागा भरायला संगीतकार ट्रॅकखाली परिच्छेद लिहितात. हा ट्रॅक विस्थापनाबद्दल, तो स्मृतीबद्दल. त्यांनी असं सांगावं का? मला वाटतं, सांगावं. पण ऐकणाऱ्याला कानानं तपासता येईल तेवढंच.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं उदाहरण घ्या. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या या माणसानं १९८२ साली एक रेकॉर्ड केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हाताशी रोलंड कंपनीची तीन यंत्रं होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. अख्खी संकल्पना शीर्षकातच आहे. दहा राग, डिस्कोचा ठेका. तेव्हा रेकॉर्ड फारशी चालली नाही.

२०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगानं तिला नवीनच अर्थ दिला. शिकागोच्या फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चा. तोही टीबी-३०३ वरच उभा. म्हणजे मुंबईत पाच वर्षं आधीच ‘अ‍ॅसिड हाऊस’ जन्मलं होतं, असं लिहिलं जाऊ लागलं. काहींना तर ही रेकॉर्ड म्हणजे बनाव वाटला. खरं तर साम्य यंत्रामुळे आलं होतं. पण बातमी म्हणून ‘पहिला कोण’ हेच जास्त चाललं.

यात राग मागे पडले. आज अनेक जण ही रेकॉर्ड ३०३ चा तो चिकट, वळवळता आवाज शोधत ऐकतात. भैरवातले कोमल रिषभ-धैवत किंवा मालकंसात रिषभ-पंचम नसल्यामुळे येणारी पोकळी त्यांच्या कानावरून निघून जाते. ३०३ ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. मींडेची सवय असलेल्या कानाला ते किती जवळचं आहे, हेही सुटतं. दुसऱ्यानं दिलेलं स्पष्टीकरण असं मूळ कामावर बसतं. संगीतकार गप्प राहिला, तर ती जागा रिकामी राहत नाही; दुसरं कोणीतरी येऊन भरतं.

सिंग यांच्या शीर्षकाची खुबी अशी, की त्याच्याशी भांडता येतं. ‘राग’ म्हटलंय ना? मग ठेका सुरू झाल्यावर पहाटेचा भैरव आणि मध्यरात्रीचा मालकंस जवळपास एकाच चालीनं का धावतात? विस्तार करायला, थांबायला सवड कुठे आहे? माझ्या मते रेकॉर्डची ही खरी मर्यादा आहे. ती दाखवता येते, कारण दावा नेमका आहे. ‘हे संगीत स्मृतीबद्दल आहे’ या वाक्याशी असं भांडता येत नाही. कुठल्याही आवाजाखाली ते चिकटवा, बसतं.

उद्या वडशातल्या एखाद्या मुलीनं राईस मिलचा आवाज मोबाइलवर टिपून, त्याचा वेग निम्मा करून ट्रॅक केला, तर तिनं एवढंच लिहावं : राईस मिल, निम्मा वेग. ते वाचून आपण मिलचा पट्टा ऐकू येतो का ते शोधू, ट्रॅक पुन्हा लावू. गाव, शेती, बदलता काळ हे तिनं लिहू नये. ते आवाजात असेल, तर आपल्याला ऐकू येईल. नसेल, तर लिहूनही येणार नाही.