‘व्होल्कॅनो’वरील आक्षेपाची चिकित्सा

डेटाबेसच्या क्वेरी-एक्झिक्युटरच्या मंदगतीचा विषय निघाला की दोषाचे खापर ग्योट्झ ग्रेफ यांच्या ‘व्होल्कॅनो’ पद्धतीवर फोडण्याची रूढी पडून गेली आहे. या पद्धतीत प्रत्येक ऑपरेटर आपल्या खालच्या ऑपरेटरकडे पुढची ओळ मागतो व त्यास एका मागणीला एकच ओळ मिळते. 1994 साली या रचनेचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध झाले, तेव्हा बराचसा वेळ डिस्कची वाट पाहण्यातच जाई आणि मागणीचा खर्च त्या प्रतीक्षेत झाकून जाई. पुढे माहिती मुख्य मेमरीत मावू लागली व हे झाकण उडाले. पॉइंटरमार्फत होणाऱ्या फंक्शन-कॉलच्या पलीकडे कंपाइलरला काही दिसत नाही. परिणामी एका गुणाकारापायी प्रोसेसरला कितीतरी आनुषंगिक सूचना चालवाव्या लागतात.

या आक्षेपाचे सर्वांत प्रभावी प्रतिपादन अ‍ॅम्स्टरडॅमच्या बॉन्त्स, झुकोव्स्की व नेस यांनी 2005 साली ‘मॉनेटडीबी/एक्स100’ या प्रणालीवरील निबंधात केले. टीपीसी-एच कसोटीतील पहिली क्वेरी सुमारे 60 लाख ओळी वाचून त्यांची चार गटांत बेरीज करते. मायएसक्यूएल 4.1 ला त्यासाठी 26 सेकंदांहून अधिक वेळ लागला. हाताने लिहिलेल्या प्रोग्रामने तेच काम पाव सेकंदाच्या आत उरकले. तुलना डोळे दिपविणारी खरी. पण निर्णायक नव्हे. मायएसक्यूएलचा पुष्कळ वेळ साठविलेल्या ओळीतून हवा तो रकाना शोधून काढण्यात गेला होता. हा खर्च साठवणीच्या मांडणीचा आहे, मागणीच्या पद्धतीचा नव्हे. दोन वेगळ्या कारणांचे ओझे एकाच आरोपीच्या माथी मारले गेले, असेच म्हणावे लागते.

निबंधाचे खरे बळ त्यातील एका आलेखात आहे, आणि त्याकडे व्हावे तितके लक्ष झालेले नाही. प्रणाली तीच, साठवण तीच, क्वेरीही तीच. फक्त एका मागणीस मिळणाऱ्या मूल्यांची संख्या बदलत नेली आहे. संख्या एक असताना वेग दयनीय. ती हजाराच्या आसपास पोचते तेव्हा उत्तम. आणि मूल्यसमूह कॅशमध्ये मावेनासा झाला की पुन्हा घसरण. यावरून उघड होते की ‘पुढचे दे’ हा संवाद मुळात सदोष नव्हता; घास फार लहान होता. एक्स100 ने तो संवाद टाकला नाही, घास मोठा केला.

म्यूनिकच्या थॉमस नॉयमान यांनी 2011 साली मात्र हा संवादच मोडीत काढला. प्रत्येक क्वेरीसाठी नवे यंत्र-संकेत निर्माण करावेत व ओळ शक्यतो रजिस्टरमधून हलू देऊ नये, ही त्यांची भूमिका. दोन्ही पक्षांतील संशोधकांनी 2018 साली एकत्र येऊन, बाकी सर्व समान ठेवून, दोन्ही पद्धती पडताळल्या. तेव्हा गणिताने भरलेल्या क्वेरींत नॉयमान यांची पद्धत, तर हॅश-जोडणीत मेमरीची वाट पाहणे लपविण्यात मूल्यसमूहांची पद्धत सरस ठरली. एकंदर अंतर मात्र बेताचेच निघाले. तेव्हा निवड करताना संकेतनिर्मितीस लागणारा वेळ, चूक शोधण्याची सोय, वेळ नेमका कोठे खर्च झाला हे कळण्याची सुलभता, या बाबींना अधिक महत्त्व यावयास हवे. वेगाच्या आकड्यांपुढे त्या सहसा मागे पडतात.

पोस्टग्रेसक्यूएलच्या कर्त्यांनी यापेक्षा मध्यम मार्ग पत्करला. एकेक ओळ देण्याची रीत कायम ठेवून त्यांनी 2017 च्या 10 व्या आवृत्तीत पदावलीचे वृक्षरूप मोडून तिची सरळ पायऱ्यांत मांडणी केली. 2018 च्या 11 व्या आवृत्तीत आयत्या वेळी यंत्र-संकेत घडविण्याची सोय आली. पुढल्या वर्षीच्या 12 व्या आवृत्तीत ती मुळातच चालू ठेवली गेली, पण क्वेरीचा अंदाजित खर्च 1,00,000 च्या वर असेल तरच तिचा अवलंब व्हावा, अशी मर्यादा घालून. या सोयीने हाती घेतलेली कामे दोनच: पदावलींचे मूल्यमापन, आणि साठविलेल्या ओळीतून रकाने सोडविणे. यांतील दुसरे काम म्हणजे 2005 च्या तुलनेत व्होल्कॅनोच्या खाती जमा झालेला तोच खर्च होय.