जिन्न म्हणजे भूत नव्हे

अरबी लोककथांवर भयपट काढायला निघालेले बरेच दिग्दर्शक पहिल्याच पायरीवर घसरतात. ते जिन्नाला भूत समजतात. भूत मेलेल्या माणसाचं असतं. त्याची अडकलेली वासना सुटली की प्रकरण मिटतं. जिन्न कधी माणूस नव्हताच. श्रद्धेनुसार तो आगीपासून घडलेला, आणि त्यालाही बायकामुलं, धर्म, भांडणतंटे आहेत. कुराणातला ७२वा सुरा त्याच्याच नावाचा आहे. अनेक अरब घरांत मोरीत उकळतं पाणी ओतण्याआधी ‘बिस्मिल्ला’ म्हणतात, का तर खाली कुणाचा संसार असेल तर तो पोळू नये! या एका सवयीत अख्खा चित्रपट आहे. पण तो कुणी काढत नाही.

पैसा कमी पडला असं म्हणावं, तर २०१३चा ‘जिन्न’ बघा. निर्मिती अबुधाबीच्या इमेज नेशनची, दिग्दर्शक ‘टेक्सास चेनसॉ मॅसकर’वाला टोब हूपर. सोबतीला रास अल खैमाजवळचं जझीरत अल हमरा हे गाव: मोती काढणाऱ्यांची वस्ती, प्रवाळाच्या दगडांची घरं, १९६०च्या दशकाच्या अखेरीस ओस पडलेली, आणि तेव्हापासून जिन्नांसाठी बदनाम. शिवाय उम्म अल दुवैस. नटूनथटून, अत्तर लावून पुरुषांना भुलवणारी, हातांच्या जागी पाती असलेली ही आखाती बाई आपल्या हडळीची थोरली बहीण शोभावी. एवढा ऐवज हाताशी असून हूपरने काय केलं? जुन्या कोळीवाड्याच्या जागेवर टॉवर बांधला आणि तिथे राहायला आलेल्या जोडप्याला धुक्यात कोंडलं. १९८२च्या त्याच्याच ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये दफनभूमीवर वसाहत होती, इथे फक्त पत्ता बदलला. उम्म अल दुवैसचं अत्तर पडद्यावरून प्रेक्षकापर्यंत पोचत नाही ते नाहीच. हूपरचा हा शेवटचा चित्रपट ठरला.

नेटफ्लिक्सच्या ‘जिन्न’ (२०१९) या जॉर्डनमधल्या मालिकेला तर पेट्रा मिळालं होतं. गाजली ती चुंबनदृश्यावरून आणि शिव्यांवरून. जिन्न कुणाला आठवतही नाही.

इजिप्तची गोष्ट वेगळी. तिथे १९८५मध्येच आदिल इमाम आणि युसरा यांना घेऊन ‘अल-इन्स वल-जिन्न’ आला होता. २०१४मध्ये मरवान हमीदने अहमद मुरादच्या कादंबरीवरून ‘द ब्लू एलिफंट’ केला. कैरोच्या अब्बासिया मनोरुग्णालयातला डॉक्टर, समोर खुनाचा आरोपी, आणि तो निघतो जुना मित्र. आजार की जिन्नाने धरलंय, हा प्रश्न तिथल्या कितीतरी घरांत खराखुरा पडतो, म्हणून तो पडद्यावर चालतो. डॉक्टरने नशेची गोळी खाल्ल्यानंतरची रंगीबेरंगी भ्रमदृश्यं मात्र लांबतात. ट्युनिशियाच्या अब्दुलहमीद बुश्नाकने ‘दश्रा’त (२०१८) जिन्नाला बाजूला ठेवून चेटूक घेतलं, आणि आडगावातल्या बायकांच्या नजरेने जे साधलं ते हूपरच्या टॉवरला जमलं नाही.

सर्वांत उत्तम उदाहरण मात्र अरब नाहीच. बाबक अन्वरीचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) फारसी भाषेत आहे, तेहरानमध्ये घडतो, चित्रित झाला जॉर्डनमध्ये. इराण-इराक युद्धात वरच्या मजल्यावर न फुटलेलं क्षेपणास्त्र घुसतं आणि त्याच्याबरोबर वाऱ्यावरून जिन्न. घाबरलेली आई मुलीला घेऊन रात्री रस्त्यावर पळते, तर डोकं झाकलं नाही म्हणून पहारेकरी तिलाच पकडतात. घरात जिन्न, बाहेर पहारेकरी. तिने जायचं कुठे? अन्वरी जिन्न दाखवतो तोही फडफडणाऱ्या चादोरच्या (बायकांच्या अंगभर पांघरुणाच्या) रूपात, क्षणभर. लोककथा इथे सजावट नाही, तिच्यावर कथानक उभं आहे.

आखातात आता पैसा आहे, आणि २०१८पासून सौदी अरेबियात चित्रपटगृहंही पुन्हा उघडली आहेत. आता परदेशातून नावाजलेला दिग्दर्शक आणण्याची गरज नाही. उम्म अल दुवैसच्या गोष्टी आजीकडून ऐकत वाढलेल्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा द्यावा, आणि निर्मात्यांनी टॉवरचा सेट रद्द करावा.