मास्तरांचं मत आणि पोराचा प्रश्न

‘मास्तरांनी वर्गात राजकारण बोलू नये. पोरं लहान असतात, कोवळी असतात.’ हे वाक्य पालकांच्या बैठकीत ऐकू येतं, वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत भेटतं, शिक्षणखात्यातल्या साहेबांना तर ते तोंडपाठच असतं. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं आमच्या आत्मकथनांनी केव्हाच लिहून ठेवलं आहे. समीक्षकांनी या पुस्तकांत भूक पाहिली, वेदना पाहिली, शिव्या मोजल्या. त्यांतल्या मास्तराकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. मला इथं त्याच्याकडेच पाहायचं आहे.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ सालचं. त्यात सुरुवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्णांची पोरं एका झाडाखाली जेवतात, महारांची पोरं दुसऱ्या झाडाखाली. उरलंसुरलं अन्न यांच्या वाट्याला येतं. दुसऱ्या दिवशी मास्तर सांगतात, सहलीवर निबंध लिहा. या मास्तरानं कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नाही, कुणाचा प्रचार केला नाही. सरकारी नियम लावा, तो निर्दोष सुटेल. तरी कुणी कुठं बसायचं, कुणी आधी जेवायचं आणि निबंधात काय लिहायचं नाही, हे त्या पोरांना दोन दिवसांत पक्कं समजलं. आता सांगा, राजकारण म्हणून आणखी वेगळं काय शिकवतात?

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) दोन शिक्षक समोरासमोर उभे आहेत. एक शाळेतले गोखले गुरुजी. जुन्या वळणाचे, पोशाखानं कर्मठ ब्राह्मण. दलित मुलीला हे संस्कृत कसले शिकवतात, असं कुणालाही वाटावं. पण त्यांनी मनापासून शिकवलं. दुसरे विद्यापीठातले विभागप्रमुख. मोठे विद्वान, आधुनिक कपड्यांतले, तत्त्वज्ञानावर अस्खलित बोलणारे. या मुलीनं संस्कृत शिकावं हेच त्यांना खपत नव्हतं आणि ते तसं जाणवून देत. गुरुजी कुणाला मत देत होते याची चौकशी वाचताना करावीशी वाटत नाही. मास्तराचं खरं मत त्याच्या वागण्यातून पोरांपर्यंत पोचतं. व्याख्यान नंतरचं.

तिसरं उदाहरण हिंदीतलं. ओमप्रकाश वाल्मीकि यांचं ‘जूठन’ १९९७ साली आलं. मास्तर द्रोणाचार्यांचं दारिद्र्य शिकवतायत. दूध नाही म्हणून अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून पाजलं, हे ऐकून वर्ग हेलावतो. तेव्हा एक पोरगं उठून विचारतं, आम्ही तर भाताची पेज पिऊन वाढतो, मग आमच्यावर कुठल्याच महाकाव्यात काही का नाही? मास्तर त्याला कोंबडा करतो आणि पाठीवर छडी ओढतो. द्रोणाचार्यांसाठी पाझरलेला मास्तर पोराच्या भुकेपुढं दगड झाला.

माझी कसोटी या प्रसंगातून निघते. मास्तरानं मत सांगितलं की नाही, एवढ्यानं भागत नाही. त्या मताला पोरानं उलटा प्रश्न केला, तर पोराला काय मिळतं? उत्तर मिळत असेल तर ते शिक्षण. छडी, कमी मार्क किंवा टोमणा मिळत असेल तर ती सत्ता. मग मत डावं असो की उजवं, भगवं असो की निळं.

निळं मुद्दाम म्हटलं. आता आपल्याच घरात बघू. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी मागितलं होतं, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरीवर्गातून तयार करा, नांगराला हात लावायला न लाजणारे हवेत. ते मागणं थोडं तरी फळलं. आज आमच्याही वस्तीतला मास्तर फळ्यापुढं उभा आहे. त्याच्या पोटात आग आहे आणि ती खरी आहे. पण तो चौथीच्या पोरांना ‘कोणाला मत द्यायचं ते घरी आईबापांना सांगा’ म्हणत असेल, तर तो काय करतो? पोरगं ‘व्हय गुर्जी’ म्हणतं, कारण हजेरी, मार्क आणि शिष्यवृत्तीचा अर्ज गुर्जींच्या हातात. याला विद्रोह म्हणू नका. ही पोपटपंची आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं होतं. त्यांच्याच नावानं पोरांना भक्ती शिकवायची?

मग मास्तरानं गप्प बसावं काय? मुळीच नाही. मास्तरानं मत कुणाला द्यावं ही त्याची खाजगी बाब. अस्पृश्यता गुन्हा आहे, ही खाजगी बाब नव्हे. ते संविधानाचं १७ वं कलम आहे. त्यावर १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा आहे. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन शाळांतून करा, असं राज्य सरकारनं २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून सांगितलं. पोरं मोठ्यानं ‘समानता’ म्हणतात. त्यातलं एखादं विचारेल, ‘मग गुर्जी, आपल्या गावात मसणवटा वेगळा का?’ त्याला ‘बस खाली, हे राजकारण आहे’ म्हणणाऱ्या मास्तरानं आपलं मत देऊन टाकलं. तेही त्या दिवसातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं. आणि ज्या शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालताना कुणाला राजकारण दिसत नाही, तिथं सावित्रीबाईंचा फोटो लावताना ते कसं काय दिसतं, हेही साहेबांना विचारलं पाहिजे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे २८ वं कलम आहे. कुणाची आवडनिवड नव्हे.

जोतीराव-सावित्रीबाईंना काय मतं नव्हती? आगीसारखी होती. पण त्यांच्या शाळेचा पुरावा काय उरला? मुक्ता साळवे. मांग समाजातली, चौदाएक वर्षांची पोर. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कुठला, असं ती त्यात थेट देवाला विचारते. मास्तराचे बोल घोकणारी पोर देवाला जाब विचारत नाही. तिला विचार करायची मोकळीक कुणीतरी दिली होती.

आपल्या वाचकांत मास्तर पुष्कळ आहेत, लिहिणारेही आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच. आपल्या आत्मकथनांत पोराच्या बाजूनं मास्तर पुष्कळ लिहिला गेला. आता खुर्चीत बसून लिहा. वर्गात कुठल्या पोरानं काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, कुठं तुमची जीभ अडखळली, वरून कुणाचा दाब आला. पोराचं आणि गावाचं नाव गाळा, बाकी काही गाळू नका. तसं लेखन आलं म्हणजे आपल्या साहित्यात मास्तराची दुसरी बाजूही उभी राहील, आणि साहेबांच्या त्या अर्ध्या वाक्याला आपल्याकडून पुरं उत्तर जाईल.

जय भीम.