कॅनर यांचे दोन निबंध : दाराबाहेरून वाचन

स्वमग्नतेच्या संशोधनाचा इतिहास बहुधा १९४३ सालापासून सांगितला जातो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्या वर्षी अकरा मुलांविषयी, आठ मुलगे आणि तीन मुलींविषयी, एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. (मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५-२६ मध्येच अशा सहा मुलग्यांचे वर्णन केले होते, पण ते अनेक दशके कोणी विचारात घेतले नाही.) कॅनर यांचा निबंध साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे. मुलांचे बोलणे, त्यांचे हट्ट, त्यांची विलक्षण स्मरणशक्ती यांचे इतके नेमके वर्णन वैद्यकीय लेखनात क्वचितच सापडते. म्हणूनच कोणत्याही साहित्यकृतीला आपण जे प्रश्न विचारतो, ते या निबंधालाही विचारले पाहिजेत. यात कोण बोलतो? कोणाविषयी बोलतो? आणि या पानांपर्यंत कोण पोहोचलेच नाही?

निबंधातले पहिले मूल म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट गावचा डोनाल्ड. त्याला १९३८ मध्ये बाल्टिमोरला आणण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी कॅनर यांना तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र पाठवले होते. वडील वकील होते. मूल कधी काय बोलले, काय खाल्ले, कशाने बिथरले, सारे त्यात होते. कॅनर यांच्या शास्त्राचा पाया या पत्रावर आहे. आता आपण हेही ध्यानात घ्यावे की तेहतीस पाने लिहिण्यासाठी नुसते प्रेम पुरत नाही. त्यासाठी अक्षर लागते, फुरसत लागते, आणि आपले लिहिलेले कोणीतरी वाचील असा पिढ्यान्पिढ्यांचा विश्वास लागतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नव्हती. माझे बालपण कोणत्याच कागदावर नाही.

उरलेली दहा मुलेही अशाच घरांतली. अकरा वडिलांपैकी चौघे स्वतःच मनोविकारतज्ज्ञ होते. इतरांत वनशास्त्राचे प्राध्यापक होते, खाण अभियंता होते. अकरापैकी नऊ माता पदवीधर होत्या, त्या काळात! कॅनर यांच्या हे नजरेतून सुटले नाही. सगळी कुटुंबे अतिशय बुद्धिमान आहेत, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. परंतु यावरून त्यांनी आपल्या दवाखान्याच्या दाराविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचार केला तो त्या आईबापांच्या स्वभावाचा. ही माणसे मायेने कोरडी आहेत, असे त्यांना दिसले; १९४९ पर्यंत न वितळणाऱ्या शीतकपाटाची उपमा आली. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बर्नार्ड रिमलँड या एका स्वमग्न मुलाच्या बापाने १९६४ मध्येच हे मत खोडून काढले होते, तरी आयांना ते वर्षानुवर्षे भोगावे लागले.

या निबंधाच्या एक वर्ष आधीचा कॅनर यांचा दुसरा निबंध फारसा कोणी वाचत नाही. फॉस्टर केनेडी नावाच्या मज्जातंतुतज्ज्ञाने जन्मजात मतिमंद मुलांना दयामरण द्यावे असे मांडले होते. १९४२ मध्ये कॅनर यांनी त्याला विरोध केला. विरोध प्रामाणिक होता, धाडसाचाही होता. पण युक्तिवाद कोणता? तर गटारे उपसायला, कचरा गोळा करायला, कापूस वेचायला, फरशा घासायला समाजाला माणसे लागतातच. ही कामे विज्ञान-कलांइतकीच आवश्यक आहेत आणि मंदबुद्धीची माणसे ती करू शकतात, म्हणून त्यांना जगू द्यावे.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. घाण उपसणाऱ्याची गरज मान्य करायची आणि त्याची जागाही तीच ठरवायची, हे या देशाने फार पूर्वीच शास्त्रात बसवले आहे. कापूस वेचणाऱ्या बाया आमच्या परळी तालुक्यात आजही आहेत. त्यांना हे काम मंद बुद्धीचे वाटते काय, हे कोणी विचारलेले नाही.

हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले म्हणजे पहिल्याचा अर्थ बदलतो. १९४३ च्या अकरा मुलांतील बहुतेकांवर आधी मतिमंद असा शिक्का बसलेला होता. कॅनर म्हणतात, नाही, यांची बुद्धी शाबूत आहे. नव्या नावाने या मुलांना त्या शिक्क्यातून सोडवले, आणि तो मोठाच उपकार होता. मात्र शिक्का तसाच राहिला, ज्यांच्या बापाला पत्र लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी. व्हिएन्नात याच सुमारास, १९४४ मध्ये, हान्स आस्पेर्गर यांनी आपल्या हुशार 'स्वमग्न' मुलांची बाजू मांडली. हेरविग चेक यांच्या २०१८ च्या संशोधनाने दाखवून दिले की त्याच आस्पेर्गर यांनी अधिक अपंग मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवण्यास हातभार लावला होता. तिथे ७८९ मुले मेली. निवड अशीही करता येते.

दाराचा प्रश्न शास्त्रानेच पुढे सोडवला, हे सांगितले पाहिजे. व्हिक्टर लॉटर यांनी १९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न पाहता मुलांचीच पाहणी केली, आणि दहा हजारांत साडेचार असे प्रमाण काढले. लोर्ना विंग यांनी १९८० मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला : स्वमग्नता वरच्या वर्गात आहे, की फक्त वरचा वर्ग डॉक्टरपर्यंत पोहोचतो? लंडनच्या कॅम्बरवेल भागात त्यांनी मुले मोजली. बापाच्या वर्गाचा संबंध उरला नाही. पालकांच्या संघटनेत नाव नोंदवणारे मात्र वरच्या वर्गातलेच होते.

मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने १९३७ मध्येच, कॅनर यांच्या निबंधाआधी सहा वर्षे, देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले होते. पण १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि नंतर २०१६ च्या कायद्यात आले. २०११ च्या जनगणनेतही तिला वेगळा रकाना नव्हता. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते. आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर कोयत्यांसोबत लेकरेही जातात. पथक येते तेव्हा मूल कोपीत असते, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या उसाच्या फडात.

आणि शब्द तरी कोणता? ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये ग्रीक 'स्व'वरून बनवलेल्या शब्दाचे मराठीत 'स्वमग्न' झाले. मराठी समीक्षेत हे विशेषण कवीच्या कौतुकाचे आहे. वस्तीत त्याच मुलाला येडं म्हणतात, मुकं म्हणतात. प्रमाणपत्रासाठी आईला आधी हा परका शब्द उच्चारायला शिकावे लागते.

डोनाल्डची पुढची हकीकत कॅनर यांनीच १९७१ मध्ये लिहिली. आईबापांनी त्याला १९४२ मध्ये घरापासून दहा मैलांवर, कुळाच्या शेतावर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले आणि त्या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला मोजण्याचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी मोजत बसे, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. हे दोघे काय शिकलेले होते, हे कॅनर लिहीत नाहीत. त्यांच्या अभ्यासाला निबंधात थोड्याच ओळी मिळाल्या आहेत.